आराखडा लहान-मोठा करताना : कारागीर बंधूंसाठी एक पाठ

काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एक काम आले. एका इमारतीच्या गॅलरीसाठी लोखंडी पत्र्यातून कापलेल्या आठ जाळ्या हव्या होत्या. प्रत्येक जाळी 36 इंच रुंद आणि 48 इंच उंच. तसाच आराखडा आमच्याकडे एका जुन्या कामाचा होता. तो संगणकावर उघडला, रुंदीचा आकडा 36 दिसला, उंचीचा 48 दिसला. आम्ही खूश झालो आणि फाइल लेझर कटिंगला पाठवण्यास सांगितले.

आमच्याकडे एक वयस्कर उस्ताद आहेत. त्यांना संगणक चालवता येत नाही, पण तीस-पस्तीस वर्षे हातात टेप आणि गुण्या आहे. ते संगणकावर बसणाऱ्या मुलाला म्हणाले, "बेटा, आकडा वाचू नको, रेघ मोज." मुलगा म्हणाला, "उस्ताद, आकडा समोर लिहिलाय, आता काय मोजायचं?" आम्हीही घाईत होतो. आम्ही मुलाचीच बाजू घेतली.

आठही जाळ्या 35 इंच रुंद कापून आल्या. जुन्या कामाची जाळी 35 इंचांचीच होती. मधल्या काळात कोणीतरी रेघ न बदलता तिच्यावरचा आकडा हाताने खोडून 36 लिहिला होता. कडेला पट्टी जोडून द्यावी, तर जोड दिसणार. गिऱ्हाईकाने नकार दिला आणि ते बरोबरच होते. पत्रा गेला, कापण्याची मजुरी गेली, चार दिवस गेले. मुलाच्या पगारातून आम्ही काही कापले नाही, कारण चूक आमची होती. आम्हाला उस्तादांनी वेळेवर सांगितले होते.

आज छोट्या गावातला फॅब्रिकेटर, सुतार, पितळकाम करणारा आणि साचे बनवणारा यांच्याकडेही संगणकावरचे आराखडे येतात. ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर 1982 साली बाजारात आले. आता लिब्रेकॅडसारखी सॉफ्टवेअरे मोफतही मिळतात. आराखडा लहान किंवा मोठा करणे हे त्यात चुटकीचे काम आहे. परंतु हेच काम नीट न कळल्यामुळे माल वाया जातो. म्हणून या पाठात हा विषय पहिल्यापासून समजून घेऊ.

संगणकात माप खरे, कागदावर प्रमाण

कागदावर आराखडा काढताना आपण प्रमाण धरतो. 50 फुटांची भिंत कागदावर मावत नाही, म्हणून ती लहान काढतो. संगणकात तसे करण्याची गरज नाही, तिथे जागेला तोटा नाही. म्हणून पहिला नियम असा की, संगणकात प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या मापाने काढावी. 900 मिलिमीटरची झडप असेल तर रेघही 900 ची. लहान करायचे ते फक्त छापताना.

हा नियम मोडून काही जण संगणकातच आराखडा पन्नासाव्या हिश्शाने लहान करून ठेवतात. पुढे तीच फाइल यंत्रावर गेली, की यंत्र बिचारे 900 ऐवजी 18 मिलिमीटरचा तुकडा कापायला तयार होते.

खऱ्या मापाने काढताना अक्षरांची उंची मात्र हिशेबाने धरावी लागते. 1:50 प्रमाणात छापल्यावर कागदावर अक्षर 3 मिलिमीटर उंच दिसायला हवे असेल, तर आराखड्यात ते 3 गुणिले 50, म्हणजे 150 मिलिमीटर उंच लिहावे.

इंच की मिलिमीटर?

आपल्या देशात दशमान वजन-मापांचा कायदा 1956 साली झाला. तरी सुतार आजही फूट, इंच आणि सूत यांतच बोलतो. आखाती देशांत काम करून आलेले आमचे कोकणातील अनेक फॅब्रिकेटर बंधू मिलिमीटरखेरीज दुसरे बोलत नाहीत. दोघेही बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकाचा आराखडा दुसऱ्याकडे गेल्यावर.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संगणकातील रेघेला लांबी असते, पण ती इंचात की मिलिमीटरमध्ये हे रेघेला ठाऊक नसते. 36 म्हणजे नुसते 36. इंचात काढलेली 36 ची रेघ मिलिमीटर मानणाऱ्या यंत्राने वाचली, की तुकडा 36 मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंचापेक्षाही लहान. यंत्राला आराखडे बहुधा डीएक्सएफ फाइलमधून जातात, आणि या फाइलच्या जुन्या प्रकारांत एककाची नोंदच नसते. म्हणून फाइल देताना "मापे मिलिमीटरमध्ये" किंवा "मापे इंचात" असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावे. सोबत "पूर्ण रुंदी 914.4" असे एक माप लिहावे, म्हणजे समोरच्याला पडताळा घेता येईल.

इंचाचे मिलिमीटर करायचे तर पूर्ण आराखडा 25.4 पटीने मोठा करावा. 1959 साली अनेक देशांनी मिळून एक इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर असे ठरवले, त्यामुळे हा आकडा अंदाजी नाही. काही कारागीर सोयीसाठी 25 धरतात. लहान कामात ते खपून जाते. पण 8 फुटांच्या फळीचे खरे माप 2438.4 मिलिमीटर आहे, 25 ने गुणले तर 2400 येते. फरक 38.4 मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंच. सुतांत मोजाल तर बारा सूत!

उलट, मिलिमीटरचे इंच करायचे असतील तर 25.4 ने भागावे लागते. भागाकाराचा लांबलचक आकडा हाताने लिहू नका. त्यासाठी पुढे सांगितलेली रेफरन्सची रीत वापरा.

आणखी दोन सापळे आहेत. पहिला असा की, सॉफ्टवेअरच्या एककांच्या चौकटीत इंच बदलून मिलिमीटर निवडले म्हणून आधी काढलेल्या रेघा बदलत नाहीत. बदलते ते फक्त नाव. दुसरा असा की, एक आराखडा दुसऱ्यात आणून बसवताना, दोन्हींची एकके नोंदलेली असतील, तर ऑटोकॅड स्वतःच 25.4 ने गुणून घेते. ते न कळता आपण पुन्हा 25.4 ने गुणले, तर वस्तू 645 पट मोठी होते. म्हणून आणल्यावर आधी मोजा, मग गुणा.

स्केल : पट आणि आधारबिंदू

ऑटोकॅडमध्ये या आज्ञेचे नाव स्केल. एससी ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबले तरी चालते. मग जे मोठे-लहान करायचे ते निवडून एंटर दाबा. त्यानंतर सॉफ्टवेअर दोन गोष्टी विचारते : आधारबिंदू आणि पट.

पट म्हणजे हवे असलेले माप भागिले असलेले माप. 600 ची वस्तू 900 ची करायची तर 900 भागिले 600, म्हणजे 1.5. पट एकापेक्षा मोठी असेल तर वस्तू वाढते, लहान असेल तर घटते. शून्य किंवा वजा आकडा चालत नाही.

आधारबिंदू म्हणजे जो बिंदू जागचा हलत नाही तो. बाकी सर्व काही त्याच्यापासून त्या पटीने लांब जाते किंवा जवळ येते. नवखा मुलगा पडद्यावर कुठेही टिचकी मारतो आणि मग आराखडा पडद्याबाहेर निघून जातो. आधारबिंदू नेहमी वस्तूचा एखादा कोपरा किंवा मध्य असावा, आणि तो नजरेने नव्हे, स्नॅपने पकडावा.

पट ठाऊक नसेल तर : रेफरन्स

पुष्कळदा आराखडा विचित्र मापात येतो. दाराची रुंदी 3 फूट, म्हणजे 914.4 मिलिमीटर आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण आराखड्यात मोजले तर 847.6 भरते. अशा वेळी गुणाकार-भागाकार करत बसू नये. स्केल आज्ञा देऊन वस्तू निवडा, आधारबिंदू द्या, मग पट लिहिण्याऐवजी आर हे अक्षर टंकून एंटर दाबा. आता दाराच्या एका कडेवर आणि मग दुसऱ्या कडेवर टिचकी मारा. हे झाले जुने माप. मग नवे माप म्हणून 914.4 लिहा. भागाकार संगणक करतो आणि एक दशांशही सुटत नाही. मिलिमीटरचे इंच करताना जुने माप 25.4 आणि नवे माप 1 लिहावे.

जुने माप म्हणून आराखड्यातील शक्य तितकी लांब रेघ घ्या. टिचकी अर्धा मिलिमीटर चुकली, तर 50 च्या रेघेवर ती चूक शंभरात एक होते, 2000 च्या रेघेवर चार हजारांत एक.

ही रीत छायाचित्रावरही चालते. गिऱ्हाईक मोबाइलवर जुन्या जाळीचा फोटो पाठवते आणि म्हणते, अशीच करून द्या. फोटो सॉफ्टवेअरमध्ये आणून रेफरन्सने खऱ्या मापाचा करता येतो आणि त्यावरून रेघा ओढता येतात. परंतु फोटो तिरका काढलेला असेल तर रुंदी बरोबर येऊनही उंची चुकते. म्हणून गिऱ्हाइकाकडून रुंदी आणि उंची दोन्ही मागून घ्या. रुंदीवरून स्केल करा आणि उंची मोजून पाहा. जुळली नाही, तर तो फोटो मापासाठी निकामी समजून स्वतः टेप घेऊन जा.

प्रमाण जुळत नसेल तर

समजा, जाळीचा आराखडा 600 बाय 1000 चा आहे आणि खिडकीत जागा 900 बाय 1400 ची. रुंदीच्या हिशेबाने पट 1.5 येते, पण मग उंची 1500 होते आणि जाळी बसत नाही. उंचीच्या हिशेबाने पट 1.4 येते आणि रुंदी 840 होते. अशा वेळी लहान पट घ्यावी आणि दोन्ही बाजूंना 30-30 मिलिमीटरची पट्टी सोडावी. आडवी पट वेगळी आणि उभी पट वेगळी देण्याचीही सोय असते, पण त्याने गोल लंबगोल होतात आणि षट्कोन वाकडे दिसतात. जाळीकामात अशी खोट लगेच डोळ्यांत भरते.

आमच्या त्या आठ जाळ्यांच्या वेळी दुसरी चूकही होता होता राहिली. नवा पत्रा आणला आणि मुलाने 35 चे 36 करण्यासाठी रेफरन्सने पूर्ण आराखडा वाढवला. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. कापण्याआधी कागद उस्तादांच्या हाती दिला आणि मुलाकडून प्रत्येक रेघ मोजून घेतली. उस्ताद म्हणाले, "भाई, रुंदी आली, पण उंची किती झाली ते विचारा." उंची 48 ऐवजी 49.37 इंच झाली होती. जवळजवळ अकरा सूत जास्त! स्केल सगळीकडे सारखे वाढवते, हे आम्हाला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले.

तिथे हवी होती ती स्ट्रेच ही आज्ञा. स्ट्रेचमध्ये उजवीकडून डावीकडे चौकट ओढून वस्तूचा फक्त एक भाग निवडतात. चौकटीच्या आतली टोके सरकतात, बाहेरची जागच्या जागी राहतात आणि मधल्या रेघा लांब होतात. आम्ही उजवी कड अर्धा इंच उजवीकडे आणि डावी कड अर्धा इंच डावीकडे ओढली. बाहेरची पट्टी रुंद झाली, मधली नक्षी आणि उंची जशीच्या तशी राहिली. दार, कपाट, टेबल यांची मापे बदलताना बहुधा स्ट्रेचच कामाला येते. 3 फुटांचे कपाट 4 फुटांचे झाले म्हणून त्याची फळी जाड होत नाही.

जे वाढता कामा नये

स्केल केल्यावर आराखड्यातले सर्व काही वाढते, जे वाढू नये तेही. म्हणून स्केल झाल्यावर पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्या.

पहिली, स्क्रू आणि बोल्टची भोके. 6 मिलिमीटरचे भोक दीडपट होऊन 9 मिलिमीटरचे होते, स्क्रू मात्र बाजारात पूर्वीचाच मिळतो. जुनी भोके खोडून खऱ्या मापाची नवी काढावी. बिजागरी, कडी आणि कुलपाच्या खाचा यांनाही हेच लागू.

दुसरी, मालाची जाडी. आराखड्यात 18 मिलिमीटरचे प्लायवुड दीडपट होऊन 27 मिलिमीटरचे दिसेल, पण पुरवठादार 18 चेच देणार. खाचेत बसणारे जोड असतील तर खाच 27 ची आणि फळी 18 ची, म्हणजे जोड खडखडणार.

तिसरी, जाळीची काडी. लहान करताना इथे जास्त काळजी घ्या. 8 मिलिमीटरची काडी निम्मी केली की 4 ची होते. लोखंडात ती कदाचित टिकेल, लाकडात किंवा एमडीएफमध्ये हातात घेतानाच मोडेल.

चौथी, हत्यार. सीएनसी राउटरचे 6 मिलिमीटरचे पाते 5 मिलिमीटरच्या फटीत शिरत नाही आणि आतल्या कोपऱ्याला 3 मिलिमीटरची गोलाई ठेवतेच. आराखडा लहान झाला म्हणून पाते लहान होत नाही.

पाचवी, बसवण्यासाठी सोडलेली फट. झडप आणि चौकट यांत एक सूत फट पुरत असेल, तर मोठ्या दारालाही साधारण तेवढीच लागते.

आणि सहावी, मापांचे आकडे. आराखड्यावरचे माप सॉफ्टवेअरने स्वतः लिहिले असेल तर रेघेबरोबर तेही बदलते. पण कोणी हाताने आकडा टंकला असेल, तर रेघ कितीही बदलो, आकडा तोच राहतो. आमचे नुकसान यामुळेच झाले. म्हणून आकडा हाताने कधीही टंकू नये, आणि परका आराखडा आला की मोजण्याच्या आज्ञेने निदान दोन रेघा मोजून पाहाव्या.

भाव सांगताना

व्यापारी बंधूंनी हा भाग नीट वाचावा. गिऱ्हाईक म्हणते, "दीडपट मोठी करा," आणि आपण भावही दीडपट सांगून मोकळे होतो. इथेच घरचे पैसे जातात.

लांबी दीडपट झाली की क्षेत्रफळ 1.5 गुणिले 1.5, म्हणजे सव्वादोनपट होते. 2 बाय 3 फुटांच्या जाळीला 6 चौरस फूट पत्रा लागतो, 3 बाय साडेचार फुटांच्या जाळीला साडेतेरा. पत्र्याची जाडी तीच असेल तर वजनही सव्वादोनपट. रंगाचा खर्चही सव्वादोनपट.

कापण्याची लांबी मात्र कशी वाढवली त्यावर अवलंबून आहे. पूर्ण नक्षीच दीडपट केली, तर 40 मीटरचे कापकाम 60 मीटर होते. पण नक्षीचा आकार तोच ठेवून फुले वाढवली आणि जागा भरली, तर फुलेच सव्वादोनपट होतात आणि कापकाम सुमारे 90 मीटर. भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाला यातले कोणते हवे ते विचारून घ्या.

ओतीव भरीव वस्तूंमध्ये तर तिन्ही बाजू वाढतात. 250 ग्रॅमची पितळी वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली, तर वजन आठपट, म्हणजे 2 किलो. शिवाय पितळ थंड होताना शंभरात साधारण दीड आकसते. 200 मिलिमीटरची वस्तू हवी तर साचा 203 चा लागतो, म्हणजे आराखडा 1.015 पटीने वाढवावा. आपल्या ओतकाम करणाऱ्या कारागिराला त्याचा अनुभव विचारून मगच हा आकडा धरावा.

छापताना आणि झेरॉक्स काढताना

छापताना "कागदात मावेल असे" हा पर्याय निवडला, तर आराखडा कागदावर मावतो, पण प्रमाण कोणते उरले ते कोणालाच ठाऊक नसते. प्रमाण नेहमी स्वतः निवडून द्यावे. ए-3 कागदावर 1:100 ने छापलेला आराखडा झेरॉक्सवाल्याने ए-4 वर आणला, की तो सुमारे 71 टक्के होतो. 5 मीटरची भिंत 50 ऐवजी 35 मिलिमीटर दिसते, आणि फूटपट्टीने मोजणारा तिला साडेतीन मीटर समजतो. यावर सोपा उपाय आहे. आराखड्याच्या कोपऱ्यात 1 मीटरची पट्टी काढून ठेवावी. कागद कितीही लहान-मोठा झाला तरी ती पट्टीही त्याच मापात बदलते आणि खरे प्रमाण सांगते.

सरावासाठी तीन हिशेब

एक : इंचातल्या आराखड्यात दाराची उंची 84 आहे. 25.4 पटीने वाढवल्यावर किती? उत्तर : 2133.6 मिलिमीटर.

दोन : 1100 रुंदीची जाळी 1375 ची करायची आहे. पट किती? उत्तर : 1.25. त्याच जाडीच्या पत्र्याची जाळी आधी 3.2 किलोची असेल तर आता? उत्तर : 1.25 गुणिले 1.25 गुणिले 3.2, म्हणजे 5 किलो.

तीन : त्याच जाळीतील 6 मिलिमीटरची स्क्रूची भोके स्केलनंतर किती झाली? उत्तर : 7.5. मग काय करावे? खोडून पुन्हा 6 ची काढावी.

हे तीन हिशेब ज्याने स्वतः संगणकावर करून पाहिले, त्याला हा पाठ कळला असे समजावे. आमच्या कारखान्यात आता एक रिवाज आहे. कोणतीही फाइल यंत्रावर जाण्याआधी संगणकावर बसलेला मुलगा रेघा मोजतो, उस्ताद ती मापे हातातल्या टेपवर दाखवतात आणि दोघेही कागदावर सही करतात. याला दहा मिनिटे लागतात. त्या आठ जाळ्यांपैकी एक आम्ही भंगारात न देता दाराशेजारी टांगून ठेवली आहे. नवा मुलगा कामाला आला, की उस्ताद त्याच्या हातात टेप देतात आणि आधी तीच मोजायला सांगतात.